राखाडी पट्टीखाली

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचा दुसरा मजला, खगोल विभाग.

“ही राखाडी पट्टी कशाची?”

प्रा. वत्सला घाणेकरांनी आलेखावर बोट ठेवलं. समोर त्यांचा विद्यार्थी, पराग लोंढे. प्रबंधावर बाईंची सही त्याला बारापर्यंत हवी होती. जर्मनीतली नोकरी त्या सहीवर अडली होती.

बारा दीर्घिका, बारा वर्णपट. तांबड्याच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तारे त्यातला काही ठिकाणचा प्रकाश गिळतात, तिथे खाचा, म्हणजे वर्णरेषा, पडतात. त्या कुठे आणि किती खोल ते मोजायचं, आणि त्यावरून दीर्घिकेत कोणत्या वयाचे तारे आहेत ते ओळखायचं. परागनं ओळखलं होतं. सगळे म्हातारे. म्हाताऱ्या ताऱ्यांचं मॉडेल तंतोतंत बसलं होतं.

“तेवढा भाग वगळलाय, मॅडम. आपल्या हवेतल्या बाष्पाचा दोष आहे.”

“बाराही ठिकाणी?”

“बाराही.”

“बाष्प फारच शिस्तीचं दिसतंय.”

“सगळेच वगळतात, मॅडम.”

“सगळे म्हणजे कोण? नावं सांग.”

परागनं प्रबंधाची संदर्भयादी उघडली, आणि मिटली.

निकाल बिघडवणारा पुरावा झाकायचा आणि झाकणाला शास्त्रीय नाव द्यायचं, ही खोड फक्त सरकारी अहवालांना नाही. विद्वानांनाही आहे.

“पट्टी काढ. आणि वर्णपट दुर्बिणीतून आले तसेच छाप. रेषा जुळवायला काही सरकवू नकोस.”

त्यानं छापले. पट्टी होती तिथे प्रत्येकात एक खाच निघाली. मॉडेलच्या रेषेपेक्षा कितीतरी खोल.

बाईंनी दोन कागद एकमेकांवर ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या काचेला लावले. ऊन आरपार आलं. दोन खाचा बोटभर अंतरावर दिसल्या.

“हवा एकच ना रे? मग तिचा दोष दोन जागी कसा?”

“दीर्घिका वेगवेगळ्या वेगानं लांब जातात, मॅडम. त्यामुळे त्यांच्या रेषा कमीजास्त सरकतात. हवेची मात्र जागची...”

तो थांबला.

“धर,” बाई म्हणाल्या.

परागनं वरचा कागद सरकवला. बाकीच्या ओळखीच्या रेषा एकमेकींवर आल्या. खाचही खाचेवर बसली. त्यानं तिसरा कागद घेतला. मग चौथा. आठव्यापर्यंत तो हसत होता.

“मॅडम, ही आपल्या हवेतली नाही. ही तिथली आहे.”

“बारावा लावून बघ.”

तोही बसला.

बाराला दहा मिनिटं कमी होती. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. परागनं सहीचा कागद स्वतःच मागे ओढला.

“जर्मनीला काय कळवू?”

बाईंनी टोपण लावलं.

“खाच बाराही दीर्घिकांत आहे म्हणून कळव. आणि एवढा प्रकाश कोणते तारे गिळतात, हे अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.”