पाठीला डोळे

"पण वस्ताद, मागून कुणी ओरडत का नाही?"

बाबालाल वस्ताद आखाड्याची माती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं मागनं?"

"मैदानात. माझ्या पायात चेंडू असतो, मागून समोरच्या संघातलं कुणी धावत येत असतं, आणि आपल्या एकीच्याही तोंडून 'मागं!' निघत नाही."

आधी खटकलं होतं ते एवढंच. पेठेच्या संघात आले तेव्हा, पहिल्याच सरावात. चेंडू घेतला, मान वर केली, डावीकडे दर्शना वडणगेकर मोकळी दिसली, पाय उचलला... आणि पाठीत कोपर बसलं. पडले, त्याचं काही नाही. फुटबॉलमध्ये पडतातच. पण पडण्याआधी जी हाक यायला हवी, ती आली नव्हती. गडहिंग्लजला आमच्या कॉलेजच्या मैदानावर सगळ्याजणी एकदम ओरडायच्या. कान किटायचे.

तेव्हा वाटलं, नवीन आहे. होईल ओळख.

आता मोसम संपत आला होता. परवा उपांत्य सामना. आणि माझं असं झालं होतं की चेंडू पायात आला रे आला, समोरचं मैदान दिसेनासं व्हायचं. नुसती मागची पावलं ऐकू यायची. कधी खरी. कधी नसलेली.

"मग तू काय करतीस?"

"चेंडू टाकून देते."

"कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही."

वस्तादांनी चाळण भिंतीवर आपटली. मी दचकले. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बाबालाल वस्ताद पैलवान घडवणारे. फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावला नसेल. पण संघाचे चेंडू आणि जाळ्या तालमीच्याच खोलीत असतात, आणि पेठेत कुठल्याही खेळातलं पोर अडलं की ते शेवटी या मातीच्या कडेला येऊन उभं राहतं. मी सकाळपासून दोनदा दारातून परत गेले होते.

तरी आज यावंच लागलं, कारण सकाळीच मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "नाव मोठं, लक्षण खोटं. आज सरावाला बघतो. जमलं तर ठीक, न्हाईतर परवा हिला बाहेर बसवा. आणि चौकातला हिचा त्यो फ्लेक्स उतरवून कुणाच्यातरी गोठ्यावर घाला. तेवढाच पाऊस अडंल."

सगळे हसले होते. मीही हसले. मग घरी जाऊन रडले.

हा माझा तिसरा संघ. आधीच्या दोघांनी असंच वाजतगाजत आणलं आणि गुपचूप सोडलं. इथूनही निघाले तर राज्य निवडीत माझं नाव कोण घेणार?

"वस्ताद, चांगली पोरं संघात येऊन विझतात. असं का होतं?"

"तूच सांग की. शिकल्याली हाईस."

मी सांगू लागले. माझ्याकडे उत्तर तयार होतं. रात्रंदिवस तेच घोळत होतं ना डोक्यात. "पहिल्या संघात प्रशिक्षक बदलत राहिले. एक म्हणायचे चेंडू धरून ठेव, दुसरे म्हणायचे लगेच सोड. दुसऱ्या संघात बचावाला कुणी नव्हतंच, सगळा मार माझ्यावर. शिकायला वेळच देत नाहीत, वस्ताद. आल्या दिवसापासून जिंकून पाहिजे असतं. आणि..."

"आन् हितं?"

"इथं... इथं कुणी ओरडत नाही."

"व्हय. ते मगाशी झालं."

ते पुन्हा माती चाळू लागले. खडे बाजूला पडत होते. बाहेर कट्ट्यावर मुली बूट घालत बसल्या होत्या. त्यांची कुजबुज मला ऐकू येत होती. म्हणजे माझंही त्यांना ऐकू जात असणार.

"खरं तुला वराडून सांगायची गरज काय?" वस्ताद म्हणाले. "पेठ म्हणती, पोरीच्या पाठीलाबी डोळं हाईत."

"लहानपणापासून म्हणतात. मला मैदान सगळं दिसतं."

"सगळं?"

"हो."

हे मात्र न अडखळता बोलले. इतक्या दिवसांत तेवढं एकच वाक्य माझ्या तोंडून सरळ बाहेर पडलं असेल.

"चौकातला बोर्डबी?"

मी आले त्या दिवशी हलगी लावली होती. चौकात विजेच्या खांबाला टेकून मंडळाचा फ्लेक्स. त्यावर मी, पायापासून आभाळापर्यंत, पायाशी चेंडूतून जाळ निघतोय. 'पेठेची वाघीण'. खाली एका ओळीत बाकीचा संघ. त्या दिवसापासून संघातल्या सगळ्याजणी मला 'वैदेही मॅडम' म्हणायच्या.

"बघतीस का न्हाई जाताना?"

"वाटेवरच आहे तो."

"रोज बघतीस?"

"...वाटेवरच आहे, वस्ताद."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दर्शे, आत ये."

दर्शना दारात आली. एका पायात बूट, दुसरा हातात. "मी न्हाई हासलो, वस्ताद."

"हासलीस ते ऱ्हाऊ दे. हिच्या मागं माणूस आला की वराडत का न्हाईस?"

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या बुटाकडे.

"आम्ही काय वराडायचं? बोर्डावर ही ताडाएवढी. खाली आम्ही चिंचोक्याएवढ्या. माझं तर निम्मं तोंड खांबाच्या तारंखाली गेलंय. आई म्हणाली, ही तूच काय गं, का दुसऱ्या कुणाचा कान?"

"वराडायचं इचारलं मी."

"तेच सांगालोय की. पाठीला डोळं असल्याल्या बाईला 'मागं बघ' म्हणून कोण सांगंल? आम्हांला वाटलं, दिसतंय तिला. तिला दिसतंय आन् तरीबी पडती, म्हंजे कायतरी मोठा डाव असंल." ती थांबली. "पहिल्या पहिल्यांदा तोंडात यायचं माझ्या. गिळलं."

मला नाही दिसत, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही. ते एकदा बोलून टाकलं तर माझ्याकडे उरणार काय? मला दिसतं, म्हणून तर मला आणलं होतं.

वस्ताद उठले. गुडघे वाजले.

"बूट काढ. उतर."

माती गार होती. ताकाचा, तेलाचा, हळदीचा वास. पाय घोट्यापर्यंत आत गेले. वस्तादांनी बाहेरच्या साऱ्याजणींना बोलावलं, कडेनं उभं केलं. मग खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या डोळ्यांवर बांधला. गाठ घट्ट मारली. पंच्यालाही तोच वास.

"वस्ताद, हे..."

पायाशी चेंडू येऊन लागला. मी उडालेच.

"धर पायात," वस्ताद म्हणाले. मग बाकीच्यांना, "हिच्याकडनं चेंडू काढून घ्यायचा. कुणीबी. कुठनंबी."

"पडंल की ती," दर्शनाचा आवाज.

"माती हाय. पडू दे."

मग सगळं शांत.

एवढी शांतता मला सहन होत नाही. छपरावर पारव्यांचे पंख फडफडले, मी दचकले. कुठेतरी साखळी हलली, मी दचकले. डावीकडे मातीत काहीतरी रुतलं... पाऊल? मी चेंडू उजवीकडे ओढला आणि उजवीकडूनच धक्का बसला.

तोंडात माती. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ऊठ."

उठले. चेंडू पुन्हा पायाशी आला. या वेळी ऐकायचं, फक्त ऐकायचं, असं ठरवलं. ऐकू आलं ते माझंच काळीज. मागून कुणीतरी अलगद चेंडू काढून नेला. मी पडलेसुद्धा नाही. नुसती उभी राहिले, रिकाम्या पायानं.

तेच मैदानात व्हायचं. हुबेहूब तेच.

"वस्ताद," मी हळूच म्हणाले, "मला दिसत नाही."

"मला कशाला सांगतीस? मी खेळतोय व्हय?"

चेंडू पायाशी आला.

बाहेरून अध्यक्षांची मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. सरावाला बघतो म्हणाले होते. आता ते दारात उभे असतील. मी अशी, डोळ्यांना पंचा बांधलेली, तोंडाला माती लागलेली. वाघीण.

मागे पाऊल पडलं. खरं होतं की नसलेलं? कळेना. पाय थिजले.

"मला दिसत नाही गं!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तालीम घुमली.

"मला मागचं काही दिसत नाही. कधीच दिसत नव्हतं. कुणीतरी सांगा ना..."

"कुणी आहे का?"

शांतता... पावलं जवळ आली... आणखी जवळ...

"वैदे, मागं! मागं आलीया! हिकडं टाक, डावीकडं, मी हाय!"

दर्शनाचा आवाज. वैदेही मॅडम नव्हे. वैदे. पेठेत आल्यापासून मला कुणी अशी हाक मारली नव्हती.

मी आवाजाकडे वळले आणि पाय मारला. क्षणभर काहीच नाही. मग पलीकडे, अंधारात, चेंडू कुणाच्यातरी पायावर थांबल्याचा मऊ आवाज.

माझे हात आपोआप डोक्यामागे गेले. गाठ सोडायला.

"गाठ ऱ्हाऊ दे," वस्ताद म्हणाले. "परवा मैदानातबी अशीच ये. दिसत न्हाई म्हणत."