तीन बंद दारं आणि बुरडिणीचं सूप

एका राज्यात, सात डोंगरांच्या पल्याड, प्रजेसाठी तीन वास्तू उभ्या होत्या. एक वैद्यशाळा, एक पाठशाळा, एक न्यायमंदिर. वैद्यशाळेत मरणाला माघारी धाडणाऱ्या मुळ्या होत्या. पाठशाळेत आपणहून वाचून दाखवणाऱ्या पोथ्या होत्या. न्यायमंदिरात खोटं ऐकताच काळा पडणारा तराजू होता. आणि तीस वर्षांत या तिन्ही वास्तूंत एकाही माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. ऐकताना संताप आला तर येऊ द्या. सांगताना मलाही येतो.

घडलं ते असं. थोरले महाराज रणधवल यांच्या मनात एके दिवशी आलं, की एखादा लबाड आत शिरेल आणि हक्क नसताना आपली मुळी खाऊन जाईल. त्या धास्तीने त्यांना अन्न गोड लागेना. त्यांनी कालंभट मांत्रिकाला बोलावलं आणि सांगितलं, "नऊ गरजवंत दारातून परत गेले तरी चालतील, पण एक लबाड आत जाता कामा नये." मांत्रिकाने शब्द जसाच्या तसा उचलला आणि त्याचा मंत्र केला. तिन्ही दारं मिटली. राजवैद्य, आचार्य आणि न्यायाधीश त्या वेळी आपापल्या उंबऱ्यावर उभे होते, त्यांच्या साळुंक्या झाल्या. येईल त्याला खूण मागायची, एवढंच त्यांच्या चोचीत उरलं. मांत्रिक शाल पांघरून निघून गेला. थोरले महाराज पुढे समाधानाने वारले.

त्याच नगरात मथुरा नावाची बुरडीण राही. बांबू सोलावा, सुपं-टोपल्या विणाव्या, दिवस काढावा. नवरा मागेच गेला होता. आठ वर्षांची लेक अंबू, तेवढंच तिचं माणूस. अंबूला ताप भरला तो नऊ दिवस उतरला नाही, आणि दहाव्या दिवशी सकाळी तिने आईला ओळखलं नाही. मथुरेने तिला बांबूच्या मोठ्या टोपल्यात, हाऱ्यात निजवलं, हारा डोईवर घेतला आणि वैद्यशाळा गाठली.

"न्यायमंदिराची खूण आण, तू इथली प्रजा असल्याची," दारावरची साळुंकी म्हणाली.

न्यायमंदिराच्या साळुंकीने पाठशाळेची खूण मागितली, शपथ वाचता येत असल्याची. पाठशाळेच्या साळुंकीने वैद्यशाळेची खूण मागितली, घरात आजार नसल्याची. आजार आहे म्हणून तर दारोदार फिरते, असं मथुरेने परोपरीने सांगितलं. साळुंकीने पुन्हा खूण मागितली. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पायऱ्यांवर माणसं बसलेली होतीच. कोणी तिला सांगितलं, उद्या लवकर ये. कोणी म्हणालं, बरं लुगडं नेसून ये. एका आजोबांना तर अभिमान होता, की याच पायरीवर त्यांचे वडीलही बसत. तीस वर्षांत या लोकांनी एकच गोष्ट मनापासून केली होती. ते साळुंक्यांना शिव्या देत.

मथुरेने तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला सूर्य डोक्यावर आला, तेव्हा तिने हारा पायरीवर ठेवला आणि शिवी न देता विचारलं, "पाखरा, तू आहेस तरी कोण?"

साळुंकीचे डोळे भरून आले. "राजवैद्य होतो, बाई. हे विचारणारी तू पहिली, म्हणून माझं बोलणं सुटलं. नीट ऐक. थोरल्या महाराजांनी दिलेला शब्द गादीवरच्या राजाने या पायरीवर उभं राहून उलटा म्हणावा. मगच दारं उघडतील. मुलीला दिवस मावळेपर्यंतचाच अवकाश आहे."

त्या दिवशी राजवाड्यात युवराजाचं बारसं होतं. त्या राज्याची रीत अशी, की बाळाला पाळण्यात घालण्याआधी नव्या सुपात निजवायचं. राजघराण्याला सूप देण्याचा मान मथुरेच्या घराण्याचा. सूप खुशीने दिलेलं हवं. हिसकावून घेतलं तर बाळाला बाधतं, म्हणून त्या सुपाला कोणी जबरीने हात लावत नसे. मथुरेने घरी विणून ठेवलेलं सूप काखेत मारलं, लेकीचा हारा डोईवर घेतला आणि ती राजापुढे उभी राहिली.

राजा कीर्तिधवल याने हात पुढे केला. मथुरेने सूप मागे घेतलं.

"आधी खुणा आणा, महाराज. वैद्यशाळेची, पाठशाळेची आणि न्यायमंदिराची."

प्रधान खवळला. राजा मात्र हसला. आपल्या राज्यात तिन्ही वास्तू उत्तम चालल्या आहेत असं तो म्हणाला. रोज सकाळी त्याला खबर मिळत असे, की आजही एक लबाड आत गेला नाही. धन्य तो राजा आणि धन्य ती खबर! राणीने बाळाला पदराखाली घेतलं आणि सुचवलं, की पटकन जाऊन याल, दारातच तर विचारायचं आहे.

राजा निघाला. मागून प्रधान आणि हारा घेऊन मथुराही निघाली. वैद्यशाळेने त्याला न्यायमंदिराकडे धाडलं, न्यायमंदिराने पाठशाळेकडे, पाठशाळेने परत वैद्यशाळेकडे. मी राजा आहे, असं त्याने तिन्ही दारांत सांगितलं, आणि तिन्ही दारांत त्याच्याकडे खूण मागितली गेली. वैद्यशाळेच्या पायरीवर तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने साळुंकीवर तलवार उपसली.

"तिला मारून दार उघडायचं नाही," मथुरा म्हणाली. "शब्द तुमच्या घरातला आहे. तो उलटा म्हणा."

बापाचा शब्द कसा मोडावा, म्हणून राजा घुटमळला. प्रधान कानाशी लागला, की दार उघडलं तर लबाड आत जातील.

"जाईल एखादा," मथुरा म्हणाली. "मुळी खाईल आणि बरा होईल. त्यात तुमचं काय जातं, महाराज? माझी लेक जाते आहे."

राजाने हाऱ्यात वाकून पाहिलं. अंबूचा श्वास कसाबसा चालला होता. राजाने तलवार खाली ठेवली आणि सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "नऊ लबाड आत गेले तरी चालतील, पण एकही गरजवंत या दारातून परत जाता कामा नये."

तिन्ही दारं उघडली. साळुंक्यांची पुन्हा माणसं झाली, तीस वर्षांनी म्हातारी झालेली. राजवैद्याने राजाला मुजरा केला नाही. आधी हारा उचलून आत नेला आणि अंबूच्या जिभेवर मुळी ठेवली. दिवस मावळता मावळता अंबूने आईकडे पाहून पाणी मागितलं.

मथुरेने आपल्या हाताने सूप दिलं. युवराजाला नाव मिळालं. पाठशाळेत मुलांच्या शेजारी पिकल्या केसांची माणसं बसू लागली, आणि तराजूपुढे जुनी गाऱ्हाणी उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी राजाने मथुरेला बोलावून सांगितलं, "बाई, हवं ते माग."

"काल मागायला आले होते, महाराज. ते माझंच होतं," मथुरा म्हणाली. "तीस वर्षांत या पायऱ्यांवर जे मेले, त्यांच्या घरी तेवढं पायी जाऊन या."

राजा गेला. एकेका दारात उभा राहिला, नाव विचारलं, लोक काय बोलतील ते ऐकून घेतलं. शाप एका वाक्याने उतरला होता, पण ती घरं संपायला राजाला चार वर्षं लागली.