उठायचा दगड

धामणवेढ्याच्या बंधाऱ्याजवळ, पाटाच्या तोंडाशी, पाच बसके दगड आहेत. मधल्याला ‘उठायचा दगड’ म्हणतात. पाण्याच्या पाळीचा तंटा निघाला की मुख्य पंच त्यावर बसतो. मी सहज तिथे टेकले, तर गाव दाखवणारे दगाजीतात्या असे ओरडले की मी पाटातच पडायची.

“पोरी, सांगितल्याबिगर बसायचं नाही तिथं!”

काय सांगायचं, ते मग कळलं.

फार पूर्वी गावात हौसा नावाची विधवा होती म्हणे. तिचा गहू ओंबीवर आलेला. पहिली पाळी तिची की शेजारच्या धनजी देवऱ्याची, असा वाद पडला. पंच रावजींनी ती धनजीला दिली. रावजी सरळ माणूस, असे सगळेच सांगतात. पण आठच दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीची सुपारी धनजीच्या घरात फुटली होती, आणि निवाड्याला बसताना त्यांनी त्याचा उच्चारही केला नाही! गावाला ठाऊक होतं. कोण बोलणार? साखर सगळ्यांनीच खाल्लेली.

हौसाने भर चौकात विचारलं. रावजी भडकले.

“माझं मन स्वच्छ आहे, बाई.”

“असंल की, अण्णा. पण मन मला कुठं दिसतंय? मला दिसती ती सोयरीक.”

लोक हसले. बाईला पाणी नको, भांडण हवंय, म्हणाले. तेव्हा ती त्या दगडावर जाऊन बसली. दुसरा पंच येईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, अशी शपथ घेतली. चौथ्या दिवशी पाटाचं पाणी आपणहून थबकलं, असे सांगतात. धनजीच्या वावरातही जाईना.

मग कुठे शेजारगावचा एक म्हातारा आणला. त्याने दोघांचं ऐकलं, पाट पायी चालून पाहिला, आणि निकाल दिला: पहिली पाळी धनजीचीच.

पाणी वाहू लागलं. रावजी म्हणाले, “झालं समाधान? मग हा तमाशा कशाला?”

“त्या दिवशी हरले, तर डोळ्याला डोळा लागला नाही, अण्णा. आजही हरले. पण झोपंन.”

तिचा निम्मा गहू वाळला. रावजी पुन्हा पंच म्हणून बसले नाहीत.

आजही पंच बसताच आपली नाती, दोस्ती, वैर मोठ्याने सांगतो. कुणीही “उठा” म्हटलं की कारण न विचारता उठायचं.

“गेल्या साली माझ्याच भावजयीनं मला उठवलं,” तात्या म्हणाले. कान अजून लाल. “मला! तीस वर्षं पंच आहे मी!”

“मग?”

“मग काय? उठलो.”