सव्वीस गाद्या

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा मांजरं उंदरांना अहो-जाहो करायची. मी काही तिथे नव्हतो, तेव्हा मध्येमध्ये "खरंच का?" असं विचारू नका. गुमान ऐका.

सातपायरी नावाचं एक गाव होतं. डोंगरावर झरा, झऱ्यापासून जमिनीखालून आणलेले मातीचे खापरी नळ, आणि नळाच्या शेवटी गावाचा दगडी हौद. हौदाला लागून पिंपळाचा पार. त्या पारावर पंचांची सभा बसायची आणि गावाचे कायदे करायची. मधलं दगडी आसन मुख्य पंचाचं.

रिवाज असा होता, की मुख्य पंचाने पाच वर्षं बसायचं आणि मग उठायचं. तो उठला की पहाटे कुंभार यायचे, आसन धुवायचे आणि मग दुसरा कुणी बसायचा. हे असं का, कुणाला ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

पुढे रखमाजी मुख्य पंच झाला. माणूस लाखात एक, हां! भांडण कसलंही असो, दोन्हीकडची माणसं हसत घरी जायची. पाच वर्षं सरली. रखमाजी बिचारा उठायला लागला, तर गावच ओरडलं, "अहो, बसा बसा! एवढा चांगला माणूस उठवायचा कशाला?" पहाटे आलेले कुंभार आले तसे परत गेले. दहाव्या वर्षी पुन्हा तेच झालं. पंधराव्या वर्षी तर कुंभारही आले नाहीत. तेव्हा पहिली चूक कुणाची, ते नीट ध्यानात ठेवा. रखमाजीची नव्हे, गावाची. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांची.

आता झालं काय, की रखमाजीला आसनावर बसलं की खालून गारठा लागायला लागला. "वय झालं माझं," तो म्हणाला. सभेने तिथल्या तिथे ठराव केला, की मुख्य पंचाला दरवर्षी एक नवी गादी द्यावी. जुनी काढू की ठेवू, यावर दुपारभर काथ्याकूट झाला. शेवटी बहिर्जी पंच म्हणाला, "मुख्य पंचाचं आसन उघडं पडणं बरं नव्हे." हा बहिर्जी रखमाजीच्या उजव्या हाताला बसायचा आणि रखमाजी शिंकला तरी "वा!" म्हणायचा. त्याचं ऐकून नवी गादी जुनीवरच घातली.

होता होता गाद्या सव्वीस झाल्या. रखमाजीला वर चढायला शिडी लागायची. पिंपळाची पानं त्याच्या कानात शिरायची. खालच्या माणसाने गाऱ्हाणं सांगितलं, की तो वरून म्हणायचा, "काय? जरा मोठ्याने!" संध्याकाळी घरी जाताना तो पगडी गादीवर ठेवून जायचा, म्हणजे आसन रिकामं राहायला नको. लोक पगडीलाही रामराम घालायचे. हसू नका, तुम्हीही घातला असता.

इकडे हौदाचं पाणी मात्र दरसाल कमी व्हायला लागलं. सभा काही गप्प बसली नाही. कायद्यावर कायदे केले. आधी ठरलं, घरटी दोनच घागरी. मग एकच. मग म्हशींनी डुंबायचं नाही. आता हे म्हशींना कोण सांगणार? मग आंघोळ एक दिवसाआड. शेवटचा कायदा तर असा, की पाहुणा आला तर त्याला गूळ द्यावा, पण पाण्याचं नाव काढू नये. पाहुणे यायचेच बंद झाले, तेव्हा बहिर्जी म्हणाला, "बघा, कायद्याचा गुण आला!"

गावात येसू नावाची कुंभारीण होती. पाण्याशिवाय माती भिजेना, मातीशिवाय चाक फिरेना. नवरा म्हणाला, "येसू, पौर्णिमेपर्यंत पाणी आलं तर ठीक. नाहीतर चाक गाढवावर लादू आणि गाव सोडू." पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. येसूची दोन्ही मुलं याच गावात जन्मली, सासरा याच मातीत गेला.

तिने म्हाताऱ्या सासूला विचारलं, "आत्याबाई, नळ तर आपल्याच घराण्याने केलेत. तुंबले तर उघडतात कुठून?"

सासू आठवून म्हणाली, "तुझे सासरे म्हणायचे, झऱ्यापासून दर शंभर पावलांवर एक दगडी झाकण आहे. ते उचलून गाळ काढायचा. शेवटचं झाकण सगळ्यात महत्त्वाचं, तिथेच सगळा गाळ येऊन अडकतो. ते कुठे आहे, ते मात्र मला ठाऊक नाही."

येसू झऱ्यापाशी गेली आणि पावलं मोजत निघाली. शंभर पावलांवर झाकण सापडलं, उचलून पाहिलं, खाली पाणी खळाळत होतं. पुढच्या शंभरावरही तेच. असं करत करत ती गावात शिरली, तेव्हा पारावर सभा भरली होती आणि लोकांनी दिवसातून किती वेळा थुंकावं यावर चर्चा चालली होती. येसू खाली बघत, मोजत मोजत पायऱ्या चढून पारावर आली.

"सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव..." आणि तिचं कपाळ गाद्यांवर आपटलं. "शंभर," ती म्हणाली.

येसूने मान वर केली. "रखमाजीबाबा, उठा."

"काय? जरा मोठ्याने!"

"उठा म्हणतेय, बाबा! खाली झाकण आहे!"

बहिर्जी लालबुंद झाला. "अगं, कुणाला उठा म्हणतेस? कुणाचं कुंपण कुठवर, कुणाचा कुणाशी अबोला, सगळं यांना तोंडपाठ आहे. नवा माणूस बसवला तर हे शिकण्यातच त्याची दोन वर्षं जातील!"

हे काही खोटं नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या.

मग रखमाजी वरून हळूच बोलला. इतक्या हळू, की पहिल्यांदाच खालच्यांना कान द्यावे लागले. "पोरी, एकदा उठलो की मला परत कोण बसवील? आणि घरी बसून मी करू काय?"

येसूचे डोळे भरून आले. "बाबा, माझ्या लग्नात मांडवात काठ्या निघाल्या होत्या. तुम्ही मध्ये पडलात म्हणून माझा संसार उभा राहिला. तुम्ही वाईट आहात म्हणून मी उठा म्हणत नाही हो. खाली काय झालंय ते बघायचंय, म्हणून म्हणतेय. तुम्ही बसलेले असताना ते कुणालाच दिसत नाही. तुम्हालाही नाही."

रखमाजीने गाद्यांच्या कडेवरून खाली वाकून पाहिलं. मग म्हणाला, "शिडी लावा."

तो उतरला आणि लोक गाद्या उपसायला लागले. वरच्या दहा कोरड्या होत्या. पुढच्या दहा दमट. उरलेल्या सहा अशा ओल्याचिंब, की दोघादोघांनी धरून पिळाव्या लागल्या. सगळ्यात खालच्या गादीवर शेवाळ होतं आणि शेवाळात एक बेडूक संसार थाटून बसला होता. नळ गाळाने तुंबलेला, त्यामुळे हौदाकडे जाणारं पाणी झाकणाच्या फटीतून वर येत होतं आणि सव्वीस वर्षं गाद्या ते पीत होत्या.

रखमाजीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मी समजत होतो, वयामुळे गारठा लागतोय!"

आसनाचा दगड उचलला. तेच शेवटचं झाकण होतं. झाकणाच्या पोटावर अक्षरं कोरलेली होती: 'दर पाच वर्षांनी बसणाऱ्याने उठावे. गाळ काढावा.' जो उठेल त्यालाच वाचता येईल अशा जागी लिहून ठेवणारा तो पूर्वज शहाणा की खुळा, ते तुम्हीच ठरवा.

चाळीस घमेली गाळ निघाला. मग नळात गुडगुडलं आणि हौदात पाणी धो धो कोसळलं. पौर्णिमेला येसूचं चाक गाढवाच्या पाठीवर नव्हतं, अंगणात गरगरत होतं. म्हशी डुंबत होत्या.

त्या दिवसापासून जुना रिवाज परत आला. रखमाजी पाराच्या पायरीवर बसू लागला. कुणाला कुंपणाचं जुनं भांडण विचारायचं असलं की तो सांगायचा. "इथून सगळ्यांचं ऐकू येतं रे!" असं ज्याला त्याला कौतुकाने म्हणायचा.

आणि मुख्य आसनावर कोण बसला? बहिर्जी! पहिल्याच दिवशी, घटकाभरात, तो चुळबुळत म्हणाला, "दगड जरा टोचतोय. एखादी पातळशी गादी मिळाली तर..."

"नाही!" सगळं गाव एका सुरात ओरडलं. सगळ्यात मोठा आवाज पायरीवरच्या रखमाजीचा होता. "टोचू दे, बहिर्जी! आता चार वर्षं, अकरा महिने आणि एकोणतीस दिवसच राहिले!"

तात्पर्य: माणूस कितीही चांगला असला तरी त्याने ठरल्या वेळी आसन सोडावं, कारण आपल्या खाली काय साचलंय, ते बसल्या जागेवरून कुणालाच दिसत नाही.