आबांच्या काठ्या मोडतात

"मोडाची नाय अशी काठी तुमच्याकडे आसा काय नाय, तेवढा सांगा."

लवूने हातातला मोडका बुडखा आबांच्या पायाशी टाकला.

आबा अंगणात बसून बांबू तासत होते. त्यांनी बुडखा उचलला, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला.

"खय मोडली?"

"भायल्या खडपार. सुकतीत. तांबोशी लागली होती, आबा. शेपटी दिसली माका…"

"आणि तू?"

"मी काय? मी हय तुमच्यासमोर उभो आसय."

"ह्या बरा झाला," आबा म्हणाले.

लवूचं पित्त खवळलं. एवढा मासा हातचा गेला आणि हा म्हातारा म्हणतो, बरं झालं.

भिकाजी तांडेल म्हणजे आबा. उमेदीच्या काळात होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. अंग थकल्यावर खाडीच्या मुखाशी झोपडी बांधून गळाने मासे गरवायच्या काठ्या करत बसले. माणगा जातीचा भरीव बांबू आणायचा, चिखलात मुरवायचा, चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवायचा आणि मग तासायचा. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले पुष्कळ. त्यात सगळ्यांत लांब फेकणारा लवू. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण सगळ्यांत लांब फेकतो, हे तो कुणालाही विसरू द्यायचा नाही.

आबांच्या काठ्यांना गावात एकाच गोष्टीसाठी नावं ठेवत. त्या मोडतात. मोठा मासा लागला, पाण्याला ओढ असली, की हमखास मोडतात. म्हाताऱ्याचा हात गेला, असं लोक म्हणत. लवू त्या लोकांशी भांडायचा. गुरूचा दोष शिष्याला सहसा दिसत नाही. स्वतःचा मासा गेला की मात्र लख्ख दिसतो.

"परवा पुनव," लवू म्हणाला. "उधाणाची सुकती. तांबोशी थयच आसा. मी परत जातलंय. तुमच्याकडे काठी नसली तर तसा सांगा. शहरात जाऊन फायबरची घेऊन येतंय. ती मोडणा नाय."

आबांचा हात थांबला.

बाहेरचा खडप म्हणजे खाडी जिथे समुद्राला मिळते तिथला शेवटचा खडक. पुनवेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, सगळी खाडी त्याच्या अंगावरून समुद्रात धावते. तिथे लवू एकटा उभा राहणार होता. नको म्हटलं तरी जाणार होता, आणि कधीच न मोडणारी काठी घेऊन जाणार होता. आबांना भीती वाटली.

"वडीच्या पाण्यात काठी कशी होयी?" त्यांनी विचारलं. वड म्हणजे पाण्याची ओढ.

लवूला हसू आलं. हा पहिल्या वर्षाचा धडा.

"लांब. तंगूस पाण्याच्या वर रवाक होयो." तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी.

"आणि?"

"शेंड्याक नरम, बुडाक ताठ. अर्धी काठी पाणीच वाकयता. उरलेली अर्धी माशाक."

"कोणी शिकवल्यान?"

"तुमीच."

"मगे माळ्यावरची तुझी तू निवड."

आबांकडे काठी निवडायची एक रीत होती. शिकणाऱ्याने डोळे मिटून बुडखा धरायचा. आबा शेंडा धरून हलके झटके द्यायचे, मासा देतो तसे. मनगटाला काय पोचतं त्यावरून काठी ओळखायची. डोळ्यांनी निवडलेली काठी दिसायला चांगली असते, असं ते म्हणत.

लवूने डोळे मिटले. एक काठी धरली, नको म्हणाला. दुसरी धरली, नको म्हणाला. ही मऊ, ती लुळी, ही शेंड्यातच दमते. आबा पुढची काठी देत राहिले.

मग लवूच माळ्यावर चढला. अगदी मागे, धुराने काळी पडलेली एक काठी होती, ती त्याने ओढून काढली. आबांनी ती परत ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

त्यांनी शेंडा धरला. झटका दिला. पुन्हा दिला.

"हीच," लवू म्हणाला.

"हाताक काय कळला?"

"वाकलेला कायच कळाक नाय. म्हणानच हीच."

आबांनी शेंडा सोडला आणि कोयती कमरेला लावली.

"चल," ते म्हणाले. "मासो लावून बघूया."

दुपार कलली होती. सुकती लागली होती. झोपडीच्या समोरच एक लहान खडप पाण्यात शिरलेला आहे, तिथे आबांनी लवूला उभं केलं. काठीच्या शेंड्याला जाड तंगूस बांधला आणि त्याचं दुसरं टोक आपल्या रिकाम्या होडीला. मग कमरेची कोयती हातात घेऊन, होडी पायाने ढकलून दिली.

"हो तुझो मासो. धर."

होडी आधी रमतगमत गेली. मग तिला धार सापडली.

तंगूस ताणला. लवूने पाय रोवले आणि काठी उभी केली. काठी जेमतेम वाकली. लवूला मनापासून आनंद झाला. आयुष्यभर हवी होती ती काठी त्याच्या हातात होती.

"बघतास मा, आबा? मोडणा नाय."

"बघतंय."

होडी आडवी झाली आणि सगळं पाणी तिच्या कुशीवर आलं. काठी आणखी वाकली नाही, म्हणून ती सगळी ओढ लवूच्या खांद्यात आली, खांद्यातून कमरेत आणि कमरेतून पायात. पायाखाली शेवाळ होतं. तो घसरला, सावरला, पुन्हा घसरला. कालवांच्या धारांनी तळवे चिरले. पाणी गुडघ्यांना लागलं, मग मांड्यांना.

त्याने काठी सोडली नाही.

पाणी छातीला आलं. पायाखालचा खडक संपला. तोंडात खारं पाणी गेलं, तरी दोन्ही मुठी काठीवर घट्ट…

मागून पाण्यात उतरलेल्या आबांनी एका हाताने त्याचं बखोट धरलं आणि दुसऱ्या हाताने कोयती चालवली. तंगूस तुटला. होडी मोकळी होऊन वाळूच्या पट्ट्याकडे वाहत गेली.

दोघं खडपावर आले. लवू खोकत होता. आबांनी अजून त्याचं बखोट सोडलं नव्हतं. म्हाताऱ्याला तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

खोकला थांबल्यावर आबांनी विचारलं, "सोडलंस कित्याक नाय?"

लवूने हातातल्या काठीकडे बघितलं. ती सरळच्या सरळ होती.

"काठी मोडूक नाय," तो म्हणाला. "मगे मी कशी सोडू?"

आबांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना माहीत होतं असं वाटलं.

"दिगू पण ह्याच म्हणालो असतो."

दिगू आबांचा मुलगा. तो पुनवेच्या सुकतीला बाहेरच्या खडपावर गेला आणि परत आला नाही, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढे आबांना कुणी काही विचारलं नव्हतं. लवूनेही नाही.

"त्याची काठी मी केलेली," आबा म्हणाले. "तशी काठी परत माझ्या हातून झाली नाय. चार गावचे लोक बघूक इले होते. माका केवढो गर्व…"

लाट आली आणि गेली.

"दिगू गावलोच नाय. काठी गावली. थय, पुळणीर." त्यांनी समोरच्या वाळूकडे बोट केलं. "सगळी. पेर म्हणान हललेला नाय."

लवूचे हात हळूहळू काठीवरून निघाले. त्याने ती खडपावर ठेवली.

"आबा… ती काठी…"

आबांनी खडपावरच्या त्याच काठीवर तळवा ठेवला. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसावंसंही त्याला वाटलं नाही.

ऊन उतरल्यावर दोघं झोपडीत आले. आबांनी लवूचे तळवे धुतले, हळद भरली, चिंध्या बांधल्या. मग सकाळपासून तासत होते तो बांबू मांडीवर घेतला. लवूचा अंगठा धरला आणि मुठीच्या जरा वर, पेराच्या खालच्या अंगाला नेऊन टेकवला.

तिथे बांबू चपटा लागत होता. बोटाला कळेल न कळेल इतका तासलेला. त्या जागेवर आबा नेहमी लाल दोरा गुंडाळत. दोरा शोभेसाठी असतो, असं सगळे समजत. लवूही.

"सगळ्या काठ्यांका?" लवूने विचारलं.

"सगळ्या."

"दिगू गेल्यापासून?"

आबांनी मान डोलवली.

"आणि गाव तुमका हसता. म्हणतत, म्हाताऱ्याचो हात गेलो."

"हसांदेत."

"मी पण सकाळी…"

"तू पण," आबा म्हणाले, आणि हसले.

चुलीतलं लाकूड फुटलं. बाहेर सुकतीचा आवाज येत होता. आपण इतकी वर्षं या माणसाकडून फेकायला शिकलो, एवढंच शिकलो, असं लवूला वाटत होतं.

शेवटी त्याने बांबू स्वतःच्या मांडीवर ओढला आणि पटाशी उचलली.

"ज्यास्त तासली तर लहान माशाक मोडतली," तो म्हणाला. "कमी तासली तर…" पुढचं त्याच्याने बोलवेना. "आबा, किती तासूची?"

आबांनी त्याच्या हातातली पटाशी पेराखाली नेऊन टेकवली.

"मासो गमावलेलो माणूस माका गाळी घालूक घराक इलो पायजे. तितकी."