घोड्यावर चढायची रीत

सरदार रायाजीराव रोज नोकराच्या पाठीवर पाय देऊन घोड्यावर चढत आणि दिवसभर आपल्या घोडेस्वारीच्या बढाया मारत. एकदा बयजा म्हातारीची घोडी त्यांच्या नजरेत भरली.

"म्हातारे, खोगीर नाही, रिकीब नाही, कुणाचा हात नाही. जमिनीवरून घोडीवर चढून दाखव, नाहीतर घोडी माझी!"

बयजानं घोडी शेजारच्या कोरड्या चरात उतरवली. स्वतः काठावरच थांबली आणि पाय टाकून अलगद घोडीवर बसली.

"ही लबाडी झाली!" सरदार ओरडले. "स्वतः चढायचं म्हणून दुसऱ्याला खाली उतरवतात होय?"

"काय करू, सरकार?" बयजा म्हणाली. "वाकवायला माझ्याकडं माणूस नाही."

नोकर सवयीनं वाकून उभाच होता. सरदार मात्र त्या दिवशी घोड्याचा लगाम धरून पायीच घरी गेले.