रुंद तोंडाचं भांडं

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मोडलेली हाडं बसवणारी एक बाई राहायची. सगळे तिला हाडवैदीण म्हणत. नवरा जाऊन वर्षं लोटली होती, मूलबाळ नव्हतं. लोक यायचे ते कण्हत, शिव्या देत. बरे झाले की वाटेत भेटूनसुद्धा ओळख दाखवायचे नाहीत. गप्पा मारायला म्हणून तिच्या ओसरीवर कधी कुणी टेकलं नाही. जेवायला बसली की तिला ते फार टोचायचं.

एकदा कुंभार आला. मातीच्या खाणीत घसरून त्याचा उजवा हात मोडला होता.

“अगं हळू! माणसाचा हात आहे, सरपण नव्हे!” तो खेकसला. “तुझ्यापेक्षा माझं गाढव बरं!”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून तिने चकार शब्द काढला नाही. मुकाट्याने बांबूच्या कामट्या लावल्या, पट्टी गुंडाळली आणि शेवटची गाठ करकचून आवळली. आपण किती शांत राहिलो, असं वाटून ती स्वतःवरच खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभार पुन्हा दारात. बोटं सुजून निळी पडलेली. आज तो शिव्या देत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

“बाई, हा हात गेला तर चाकावर कोण बसणार? घरात मी एकटाच आहे गं.”

तिने घाईघाईने गाठ सोडली. तोंडात अडवलेला राग बोटांतून बाहेर पडला होता!

“चुकले मी, दादा. रागाच्या भरात गाठ मीच आवळली.”

घटकाभराने बोटांना रंग आला. मग करंगळी हलली, आणि बाईला रडूच फुटलं.

त्या दिवसापासून तिने नेम केला. गाठ मारण्याआधी हात गार पाण्यात बुडवायचे, बोटं सैल पडेपर्यंत थांबायचं. पाण्यासाठी घरात होता तो एक तांब्या; त्याचं तोंड अरुंद, एका वेळी एकच हात जायचा. कुंभार दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला यायचा. दुखणं कमी झालं तशी त्याची जीभही पूर्ववत सुरू झाली.

“इथे माझा जीव चाललाय, आणि तू एकेक हात भिजवत बस!”

“भिजवू दे, दादा. तुझ्याच हातासाठी आहे,” ती म्हणायची, आणि तिला खरोखरच हसू यायचं.

हात बरा झाला. कुंभार गेला तो गेलाच, वळूनसुद्धा बघितलं नाही. ओसरी पुन्हा सुनी झाली. बाईला तर त्याच्या शिव्यांचीही आठवण यायची, आता बोला!

महिन्याभराने एका सकाळी तिने दार उघडलं, तर उंबऱ्याशी मातीचं नवंकोरं भांडं. ठेवणारा कुठेच दिसेना. तिने त्यात पाणी ओतलं आणि हात घातले. दोन्ही हात एकदम मनगटापर्यंत आत गेले.

म्हणजे शिव्या देतानाही तो सगळं बघत होता. बाई कितीतरी वेळ तशीच, पाण्यात हात ठेवून बसून राहिली.

तात्पर्य काय, तर दुखणाऱ्याचा राग आपल्या हातांत उतरू देऊ नये. तो ओरडत असला तरी त्याचे डोळे आपल्याच हातांकडे लागलेले असतात.